बाबांची सहाची गाडी

कारखाना बंद पडणार हे आमच्या घरी सगळ्यांच्या आधी कळलं, कारण बाबांची एक फेरी कमी झाली.

बाबा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. कारखान्यात पाण्याचे पंप बनायचे. तीन पाळ्या, म्हणजे दिवसातून तीनदा माणसं न्यायची आणि तीनदा आणायची. कामगार वसाहतीतून निघायचं, चार थांबे घ्यायचे, गेटपाशी सोडायचं आणि सुटलेल्यांना भरून परत यायचं. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. कुठल्या थांब्यावर कोण आधीपासून उभा असतो, कोण शर्टाची बटणं लावत धावत येतो, कोणाची बायको खिडकीतून विसरलेला डबा आत सरकवते, हे त्यांना पाठ होतं. बोलायचे मात्र अगदी कमी. लोक म्हणायचे, या माणसापेक्षा त्याचा हॉर्न जास्त बोलतो.

एका सोमवारी त्यांना सांगण्यात आलं की तिसऱ्या पाळीची फेरी आता नको. घरी येऊन त्यांनी आईला तेवढंच सांगितलं. आई कारखान्याच्याच कँटीनमध्ये कामाला होती. ती म्हणाली, "बरं झालं, झोप तरी होईल तुमची."

दोन महिन्यांनी दुसरी पाळीही गेली. नव्या इमारतींची कामं थांबली होती, चालू होत्या त्या अर्ध्यावर अडकल्या होत्या, बँका हात आखडून बसल्या होत्या आणि पंपांना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की तयार पंप गोदामात मावेनात, म्हणून ते सायकल स्टँडमध्ये रचून ठेवलेत आणि सायकली बाहेर उन्हात उभ्या आहेत.

शेवटी एक दिवस गेटवर नोटीस लागली. कोणी आरडाओरडा केला नाही. पुढच्यांनी वाचली आणि मागच्यांना वाचता यावी म्हणून ते बाजूला झाले. बाबा इंजिन चालू ठेवून बसून होते, कारण बंद कर असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तासाभराने लोक एकेक करून परत बसमध्ये चढले आणि रोजच्या जागांवर बसले. त्या दिवशी बाबांनी थांबे घेतले नाहीत. प्रत्येकाला त्याच्या दारापर्यंत सोडलं. अरुंद गल्ल्यांमधून ती एवढी मोठी बस मागेपुढे करायला त्यांना दुपार झाली. घरी आले, हात धुतले, जेवले. आईने विचारलं, "आता?" ते म्हणाले, "बघू."

अकराशे माणसं एका दिवसात रिकामी झाली. आमच्या गावात दुसरं काही नव्हतंच. दुकानं होती ती कामगारांच्या जिवावर, शाळा होती ती कामगारांच्या पोरांची. पहिले काही महिने लोकांनी हातपाय मारून पाहिले. आमच्या रस्त्यावर तिघांनी शेजारीशेजारी चहाच्या टपऱ्या टाकल्या. गिऱ्हाईक नसायचं, म्हणून ते एकमेकांच्या टपरीवर जाऊन चहा प्यायचे आणि तुझा कडक झालाय, तुझा पाणचट झालाय असं सांगायचे. पावसाळा संपायच्या आत तिन्ही टपऱ्या उठल्या.

मग एका बसमालकाने आमच्या गावाहून थेट शहरापर्यंत गाडी सुरू केली. सकाळी सहाला निघायची, दुपारी तीनला पोचायची. दुसऱ्या दिवशी तीच गाडी परत. त्याला रस्त्याची माहिती असलेला ड्रायव्हर हवा होता. बाबांना नोकरी लागली. कंडक्टर बाहेरचा होता. त्याचं तोंड सतत चालू असायचं, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. बाबांच्या वाट्याचं बोलणंही तोच उरकायचा, त्यामुळे दोघांचं छान जमलं. पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मला रेडिओकाकांकडून कळलेलं आहे. बाबांकडून कळलं असतं तर दोन ओळींत संपलं असतं.

सुरुवातीला एकटे पुरुष जायचे, एका पिशवीनिशी. तिथे काही जमलं की चार-सहा महिन्यांनी बायका-पोरं निघायची. मग गाडीच्या टपावर शिलाई मशीन, गुंडाळलेल्या गाद्या, गोधडीत बांधलेला टीव्ही, बादलीत घातलेली भांडी. सामान रेडिओकाका चढवायचे, पण दोर बाबा स्वतः आवळायचे. प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघायचे. लोक त्यांना विचारायचे, तिथे खोली मिळते का, पाणी कसं आहे, काम खरंच आहे का. बाबांना शहरातला डेपो आणि ड्रायव्हरांची झोपायची खोली सोडून काहीच माहीत नव्हतं. ते म्हणायचे, "लोक राहतात."

कारखाना बंद झाल्यावर वसाहतीत महिन्याचा पगार येणारं घर जवळजवळ आमचं एकच उरलं होतं. शेजारच्या काकूंनी एकदा सहज, कपडे वाळत घालता घालता आईला म्हटलं, "तुमचं बरं आहे हो. आम्ही जाऊ तसतसं तुमचं भागेल." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. होतं ते तोंडातून निघून गेलं. आई हातातला ओला टॉवेल धरून उभी राहिली. त्यानंतर ती स्वयंपाक करताना खिडकी लावून घ्यायला लागली.

त्या काकूंची मुलगी माझी मैत्रीण. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो होतो. ते लोक निघाले तेव्हा मी थांब्यावर गेले होते. मला वाटलं होतं आम्ही दोघी खूप रडू. प्रत्यक्षात तिच्या नव्या चपलेचा पट्टा टोचतो की नाही यावरच आम्ही बोलत राहिलो. बाबांनी हॉर्न दिला, ती चढली, खिडकीतून म्हणाली, "टोचतोय." गाडी गेली. घरी येऊन मी झोपले, आणि उठल्यावर मला काहीच वाटत नव्हतं. मी वाट पाहत राहिले की आता वाटेल, मग वाटेल. वर्गात आम्ही एकोणचाळीस होतो. वर्ष संपेपर्यंत अकरा उरलो. मधल्या रिकाम्या बाकांची पुढे सवय झाली.

बाबांचंही तसंच झालं असावं. रेडिओकाका सांगतात, पहिल्या पहिल्यांदा गाडीत लोक बोलायचे, डबे उघडायचे, कोणीतरी रडायचं आणि मागून कोणी समजूत काढायचं. नंतर नंतर गाडी सुरू व्हायची ती तीन वाजेपर्यंत शांतच. "इतकी शांत गाडी मी आयुष्यात पाहिली नाही," ते म्हणतात. "मलासुद्धा बोलायला लाज वाटायची. मला!"

फोरमनकाका निघाले ते दुसऱ्या वर्षी.

ते ओतशाळेचे फोरमन. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं तो विभाग. उंच माणूस, भट्टीच्या धगीने एक भुवई जवळजवळ गेलेली, आणि यंत्रांच्या आवाजाने एक कान अधू, त्यामुळे साधं 'कसं काय' विचारलं तरी भांडतायत असं वाटायचं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये बाबांच्या बरोबर मागची जागा त्यांची. बावीस वर्षं दोघं एकमेकांच्या पुढेमागे बसले आणि बावीस वर्षांत काय बोलले असतील तर 'चला'. बाबा त्यांना मित्र म्हणायचे. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

फोरमनकाका म्हणायचे, "सगळे जाऊ देत. मी शेवटचा दिवा मालवून येतो." दोन वर्षं त्यांनी कशी काढली कोण जाणे. मग शहरातून त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एकाचा निरोप आला. त्याला त्यांनी हाताला धरून साचे भरायला शिकवलं होतं. तो आता शहराबाहेर एका शीतगृहात सुपरवायझर झाला होता. तिथे खोकी चढवायला-उतरवायला माणूस हवा होता. वय जास्त आहे, पण मी सांभाळून घेईन, असं त्याने कळवलं होतं.

फोरमनकाका एका पिशवीनिशी गाडीत चढले आणि बाबांच्या मागच्या जागेवर बसले. म्हणाले, "चला."

तीन वाजता गाडी शहरात पोचली. सगळे उतरले. फोरमनकाका बसूनच होते. रेडिओकाका म्हणाले, "काका, आलं."

"कळलं."

पाच मिनिटं झाली. रेडिओकाकांनी बाबांना बोलावलं. बाबा येऊन शेजारच्या रांगेत बसले. फोरमनकाका खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पाय निघत नाही."

"दुखतोय?"

"नाही. पाय चांगलाय."

गाडी डेपोत लावायची वेळ झाली होती. बाबांनी फोरमनकाकांना तसंच डेपोत नेलं, ड्रायव्हरांच्या खोलीत झोपायला जागा दिली आणि दुसऱ्या दिवशी परत गावी आणलं. आपल्या थांब्यावर मात्र फोरमनकाका टुणकन उतरले. म्हणाले, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ते आले. तीन वाजता पुन्हा तेच. बाबांनी पुन्हा परत आणलं. तिसऱ्या खेपेला रेडिओकाकांनी त्यांना तिकीटच दिलं नाही. म्हणाले, "तुम्ही आता स्टाफमध्येच." फोरमनकाका हसले, पण तीन वाजता उतरले नाहीत.

हे बाबांनी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अहो, समजवा ना त्यांना."

"काय समजवू?"

आईने खिडकी उघडली, मग काहीतरी आठवल्यासारखी लावून घेतली.

चौथ्या खेपेला मी गाडीत होते. नर्सिंगच्या कोर्ससाठी शहरात माझी मुलाखत होती. फोरमनकाका नेहमीच्या जागेवर होते. मी शेजारच्या रांगेत. वाटेत जेवायला गाडी थांबली तेव्हा आम्ही तिघं एका टेबलावर बसलो. फोरमनकाकांनी मला विचारलं, "इंजेक्शन देताना हात थरथरत नाही ना?" मी म्हटलं, अजून दिलंच नाही. ते म्हणाले, "थरथरू दे. पहिलं ओतकाम करताना माझा थरथरला होता. पण समोरच्याला दिसू द्यायचं नाही." बाबा जेवत होते.

तीन वाजता आम्ही पोचलो. लोक उतरले, टपावरून सामान निघालं. फोरमनकाका बसून. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून रेडिओकाकांच्या हातात दिली. आपल्या जागेमागे लटकवलेली पिशवी खांद्याला लावली, गाडीला वळसा घालून दाराशी आले आणि खालूनच म्हणाले, "चला. मलाही उतरायचंय."

फोरमनकाका त्यांच्याकडे बघत राहिले. मग उठले. दोन पायऱ्या होत्या. दुसरीवर ते थोडे थांबले. बाबांनी हात पुढे केला नाही, नुसते बाजूला झाले, गेटवर नोटीस वाचून झाल्यावर लोक झाले होते तसे. फोरमनकाका खाली उतरले.

रेडिओकाका मागून ओरडले, "अहो, गाडी डेपोत कोण लावणार?" बाबांनी वळून पाहिलं नाही.

शीतगृह लांब होतं. शहराची बस बदलून तासभर लागला, वर अर्धा तास चालावं लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारती होत्या, मजल्यांवर भिंती नाहीत, नुसते खांब आणि वर निघालेल्या सळया. त्यांच्याकडे बघून फोरमनकाका म्हणाले, "यांना पंप लागले असते." बस्स, तेवढंच.

गेटवर त्यांच्या हाताखालचा तो माणूस आला. गळ्यात ओळखपत्र होतं. फोरमनकाकांना पाहून तो बावरला. नमस्कारासाठी वाकू की हात मिळवू हे त्याला कळेना. "साहेब," तो म्हणाला, "तुम्ही चार दिवस आधी कळवलं असतंत तर..."

"साहेब म्हणू नकोस," फोरमनकाका म्हणाले. नेहमीसारखे मोठ्याने, त्यामुळे पहारेकरीही वळून बघायला लागला. "मी इथे नवा आहे. काय करायचं ते दाखव."

त्याने एक जाड, निळा, कापूस भरलेला कोट आणून दिला. आत शून्याच्याही खाली थंडी असते, कान झाका, दर अर्ध्या तासाने बाहेर या, असं तो सांगत होता. तीस वर्षं भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने तो कोट घातला, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि बाबांना म्हणाला, "चला. जरा हवापालट होईल."

मला हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू. दोन्ही आलं नाही. दार उघडलं, पांढरी वाफ बाहेर आली, ते आत गेले, दार बंद झालं. बाबा थोडा वेळ दाराकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "तुझी मुलाखत किती वाजता?"

"उद्या दहाला."

"मग चल."

आम्ही परतलो तेव्हा गाडी अजून स्टँडवर आडवी उभी होती. बाबांशिवाय तिला हात लावायला कोणी तयार नव्हतं, आणि मागे सहा गाड्या अडकल्या होत्या. स्टँडवरचा अधिकारी बाबांना खूप बोलला. माझ्यासमोर बोलला. बाबांनी ऐकून घेतलं, किल्ली मागितली आणि गाडी काढली. मालकाने त्यांना पंधरा दिवस घरी बसवलं.

पंधरा दिवसांनी ते कामावर गेले, पण गाडीत आता दहा-बारा माणसं असायची. नेण्यासारखी माणसंच संपत आली होती. वसाहतीत शहाण्णव घरं, त्यातल्या चौदा घरांत वस्ती. परतीच्या गाडीला कधी कोणी अंत्ययात्रेला यायचं, कधी कोणी कुलूप बघायला. एप्रिलमध्ये मालकाने मार्ग बंद केला. बाबांना सांगितलं, शहरात आलास तर दुसरी गाडी देतो, नाहीतर तुझं तू बघ. मला प्रवेश मिळाला होताच. आई म्हणाली, "इथे आता कोणासाठी खिडकी लावून घ्यायची?" आणि आम्ही निघालो.

सामान टेम्पोत भरलं. आईने कुलूप लावलं, मग तिला गॅसची आठवण झाली, कुलूप काढलं, आत जाऊन बघून आली. सिलिंडर तर टेम्पोतच होता. बाबा टेम्पोवाल्याच्या शेजारी बसले. त्या रस्त्यावर पहिल्यांदाच त्यांच्या हातांना काही काम नव्हतं. त्यांनी ते मांडीखाली धरून ठेवले. वळण आलं की त्यांचा उजवा पाय थोडा दाबला जायचा. टेम्पोवाला गप्पिष्ट होता. त्याने विचारलं, "काका, शहर पहिल्यांदाच?" बाबा म्हणाले, "हो."

याला आता सात वर्षं झाली. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. आई एका रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. मी दुसऱ्या रुग्णालयात नर्स आहे. बाबा एका औषध कंपनीची बस चालवतात, तीन पाळ्या. तिथले लोक सारखे बदलतात, त्यामुळे कोण कुठे चढतो हे पाठ होत नाही, असं एकदा म्हणाले. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. गावाकडची माणसं शहरभर विखुरली आहेत. कधी सिग्नलला कोणी दिसतं, कधी माझ्या वॉर्डात कोणी नातेवाइकाला घेऊन येतं. आम्ही विचारतो, कुठे राहता, काय करता. उत्तरं ऐकतो आणि आपापल्या कामाला लागतो. मैत्रीण एकदा भेटली. तिला दोन मुलं आहेत. घाईत होती.

फोरमनकाकांनी त्या थंडीत तीन वर्षं काढली. महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. जेवण झालं की ते आणि बाबा गॅलरीत दोन खुर्च्या टाकून बसायचे, रस्त्याकडे तोंड करून. आई आतून विचारायची, चहा टाकू का, आणि तेवढंच बोलणं व्हायचं. मग त्यांना खोकला लागला आणि डॉक्टरांनी थंडीत जायचं नाही म्हणून सांगितलं. त्याच सुमारास आमच्या बंद कारखान्याच्या शेड कोणीतरी सामान साठवायला भाड्याने घेतल्या होत्या. तिथे रखवालदार हवा होता. फोरमनकाका परत गेले. या वेळी आम्ही त्यांना सोडायला स्टँडवर गेलो होतो. गाडी बदलून जावं लागतं आता. ते चढले, खिडकीपाशी बसले आणि आमच्याकडे न बघता पुढे बघत राहिले. बाबांनी हात वर केला. काकांना तो दिसला की नाही ठाऊक नाही.

मी एकदा बाबांना विचारलं होतं, त्या दिवशी तुम्ही गाडी सोडून का उतरलात. ते बूट पुसत होते. विचार करून म्हणाले, "मागे गाड्या खोळंबल्या होत्या." मी म्हटलं, "बाबा, गाड्या तर तुम्ही उतरल्यामुळे खोळंबल्या." ते म्हणाले, "हो, तेही आहे," आणि दुसरा बूट घेतला.

गेल्या आठवड्यात फोरमनकाकांचा फोन आला होता. ते फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की बाबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळं ऐकू येतं. शाळेचं छप्पर उतरवून नेलं म्हणाले. वसाहतीत आता तीन घरं आहेत, त्यातलं एक त्यांचं. रखवालीला तसं काही काम नाही, ट्रक आला की नोंद करायची. बाबा ऐकत होते. मध्ये मध्ये "हं" म्हणत होते. मग दोघंही थांबले, आणि बराच वेळ कोणीच बोललं नाही, पण फोनही ठेवला नाही. शेवटी पलीकडून आवाज आला, "चला." बाबाही म्हणाले, "चला."

आईने विचारलं, "काय म्हणतात?"

"बरे आहेत."

त्यांनी डबा उचलला, पाण्याची बाटली पिशवीत घातली आणि दुसऱ्या पाळीला निघाले.